नागपूरचं 56 डिग्री आणि विज्ञानावरचा आपला भरवसा

खामल्याची_ताई

30 मे 2024 ला तो 56 डिग्रीचा स्क्रीनशॉट ज्याच्या त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून राहिला होता, आठवत असेलच सगळ्यांना. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या जागेत ऑटोमॅटिक हवामान केंद्र आहे, त्याने 56 दाखवलं, चॅनलवाल्यांनी देशातलं सगळ्यात जास्त तापमान म्हणून पट्टी चालवली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की बाबांनो सेन्सर बिघडलाय, आजूबाजूची ठीक चालणारी केंद्रं 44 च्या आसपास आहेत. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला 52.9 झालं होतं, तिथलाही सेन्सर तपासल्यावर 3 डिग्री जास्त दाखवत होता असं निघालं.

आता यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तो विषय परत निघाला. दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते सरकारने खरा आकडा दाबला, 50 च्या वर गेलं की कामगारांना सुट्टी द्यावी लागते म्हणून. दुसरी म्हणते या शास्त्रज्ञांनाच धड काही माहीत नाही, यांच्या नादी लागू नका. यंत्र आहे, बिघडतं, शेजारच्या यंत्राशी ताडून पाहतात आणि चूक पकडतात, एवढं साधं म्हणणारा एक माणूस नाही हो ग्रुपात. आणि निम्मा ग्रुप इंजिनियर आहे!!

मुलगी यंदा दहावीत. तिने मला विचारलं की मग खरं तापमान कोणतं हे ठरवतात कसं. मी म्हटलं ट्यूशनला सरांना विचार. सर म्हणाले हे परीक्षेला नाही. झालं, विषय संपला.

मला जे वाटतं ते असं की 56 डिग्रीचा तो दिवस म्हणजे शाळांना आयता मिळालेला धडा होता आणि एकाही शाळेने तो घेतला नाही. लोकांचा विज्ञानावर विश्वास नाही म्हणून ओरड करतो आपण, पण विश्वास बसायला आधी ते काम कसं चालतं हे एकदा तरी दिसायला नको का? तुमच्या पोरांच्या शाळेत काय परिस्थिती आहे?

रोखठोक_धरमपेठ

ताई, भरवसा ठेवायचा तरी कशाला. ऑरेंज अलर्ट म्हणून कलेक्टर शाळेला सुट्टी देतात आणि दिवसभर ऊन तापतं, पोरं क्रिकेट खेळतात. आणि 23 सप्टेंबर 2023 ला रात्री चार तासात 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या लोकांच्या पलंगापर्यंत पाणी आलं, तेव्हा आम्हाला उठवायला कोणी आलं नाही. ज्या खात्याचा अंदाज चुकतो आणि थर्मामीटर पण चुकतो त्याच्यावर पोरांनी विश्वास का ठेवावा हे आधी सांगा.

गिट्टीखदानचा_पोट्टा

रोखठोक भौ थर्मामीटर चुकला हे तुले सांगितलं कोणी? त्याच खात्याने सांगितलं ना बे. मंग त्याच्यावर भरवसा ठेवून त्यायलेच खोटं पाडून राहिला तू 😂

रोखठोक_धरमपेठ

बरं बरं. एक पॉइंट तुझा. पण पुराचं काय?

तापमापक_काका

मी एका वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो, रिटायर झालो. आयुष्य मीटरं तपासण्यात गेलं म्हणून लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे तापमान मोजायला प्लॅटिनमचे सेन्सर असायचे. 0 डिग्रीला त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) 100 ओहम, आणि दर डिग्रीला 0.385 ओहम वाढत जातो. म्हणजे 44 चे 56 दिसायला किती ओहमची गडबड लागते? 12 गुणिले 0.385, साडेचार पाच ओहम. एखादा स्क्रू ढिला झाला, जॉइंटला गंज चढला, की एवढा रोध सहज वाढतो. आमच्याकडे असं झालं की पॅनलवर बॉयलरचं एक टोक अचानक तापलेलं दिसायचं आणि नवा पोरगा घाबरून पळत यायचा. जुना ऑपरेटर आधी बाजूचा सेन्सर बघायचा. लोखंडाची एक बाजू 12 डिग्रीने उडी मारते आणि वीतभर अंतरावरची बाजू जागेवरच, असं होत नसतं. मग आम्ही तार बघायला जायचो.

रामदासपेठेचं तेच आहे. एकाच शहरात, त्याच हवेत 12 डिग्रीचा फरक बसत नाही हे कोणालाही कळायला हवं. नागपूरचा खरा विक्रम 47.9 चा आहे, 23 मे 2013 चा. आणि देशाचा 51, राजस्थानातल्या फलोदीचा, 2016 चा. 56 ऐकल्याबरोबर हा आकडा डोक्यात यायला हवा होता की नाही?

दुसरं म्हणजे हवेचं तापमान उन्हात मोजत नसतात. पांढरी लाकडी पेटी असते, चारी बाजूने झडपा, माणसाच्या छातीच्या उंचीवर, दार उत्तरेकडे म्हणजे उघडलं तरी ऊन आत जात नाही. लोक गाडीच्या डॅशबोर्डवरचा 49 चा फोटो टाकतात आणि म्हणतात बघा खातं खोटं बोलतं. अहो ती गाडी डांबरावर दोन तास उभी आहे, ती स्वतःचं तापमान सांगते.

रोखठोक साहेब, पुराचं म्हणाल तर चार तासात एका गावावर एवढं पाणी ओतणारा ढग नेमका कोणत्या तलावावर फुटेल हे आदल्या दिवशी सांगणं आजही जमत नाही. अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला असतो. पण लोकांना उठवायचं काम ढग मोजणाऱ्याचं नाही, ते ज्याचं आहे त्याला विचारा.

खामल्याची_ताई

काका 🙏 हे साडेचार ओहमचं मुलीला वाचून दाखवलं. ओहमचा नियम तिला तोंडपाठ आहे, पण तो तापमान मोजायला वापरतात हे पहिल्यांदा ऐकलं म्हणे.

मास्तरीणबाई

मी शिकवते. अनुदानित शाळा, नागपुरातलीच, नाव नको. ताई तुमचा राग कळतो पण आमच्या बाजूने पण जरा बघा.

आमची प्रयोगशाळा आहे. कपाटात सूक्ष्मदर्शक आहेत, चांगले आहेत. पण प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते, फुटली की जबाब द्या, निर्लेखनाचा प्रस्ताव करा, समिती बसवा. प्रयोगशाळा परिचर रिटायर झाला तर जागा भरलीच नाही. मग एका वर्गातली साठ पोरं, मी एकटी, आणि काचेची भांडी. कोणता शिक्षक म्हणेल की घ्या रे पोरांनो हात लावून बघा? मी दुरून दाखवते. दुरून दाखवलेल्या सूक्ष्मदर्शकात काय दिसणार, डोंबल. त्यात बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, निवडणूक, ऑनलाइन माहित्या भरा, ती लिंक आजच्या आजच भरा.

बोर्डाची रचना बघा. दहावीला विज्ञान 1 आणि विज्ञान 2 चे चाळीस चाळीस, प्रात्यक्षिकाचे वीस. ते वीस सगळ्यांनाच मिळतात, पोरांना माहीत आहे, पालकांना माहीत आहे. मग जर्नल मोठ्या भावाचं समोर ठेवून उतरवायचं. भिंगाचं नाभीय अंतर काढायच्या प्रयोगात वर्गातल्या सगळ्यांचं उत्तर पॉइंटनंतरच्या दोन आकड्यांपर्यंत सारखं येतं, तेव्हा मी समजून जाते की भिंग कोणी हातात धरलंच नाही. एकदा एका पोराचं उत्तर वेगळं आलं होतं. त्याने खरंच मोजलं होतं, खिडकीच्या उजेडात, पट्टी जरा तिरपी धरली गेली होती. आणि बाकीचे त्याला हसत होते की तुझं चुकलं. सांगा आता. मी त्याला पूर्ण मार्क दिले तर दोन पालक विचारायला आले की ज्याचं उत्तर चुकलं त्याला पूर्ण कसे.

एक गोष्ट मात्र आपल्या बोर्डाची चांगली म्हणेन. सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती आणि आवर्त सारणी काढली तेव्हा देशभर आरडाओरडा झाला, शास्त्रज्ञांनी सह्या करून पत्र लिहिलं. आपल्या राज्याच्या दहावीत दोन्ही आहेत. विज्ञान 2 चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. शिकवायला मजा येते, पोरं प्रश्न विचारतात, भांडतात पण. मग एक जण हात वर करून विचारतो मॅडम यावर किती मार्कांचा प्रश्न येतो.

गिट्टीखदानचा_पोट्टा

मॅडम आमच्या वेळी तं प्रदर्शनीले मॉडेल दुकानातून आणून राहिले होते पोट्टे. सोडा-व्हिनेगरवाला ज्वालामुखी दरवर्षी. एक वर्षी तीन ज्वालामुखी एका रांगेत फुटले, परीक्षकाच्या पॅन्टवर.

झिरोमाईल_ड्रॉपर

मी ड्रॉपर आहे, म्हणजे बारावीनंतर एक वर्ष थांबून नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) देतोय. 2024 ला पण दिली होती. इथे सगळे शाळेचं बोलून राहिले तर मी माझं सांगतो.

आम्ही अकरावी बारावीला कॉलेजला गेलोच नाही, टायअप कॉलेज. अ‍ॅडमिशन तिकडे, क्लास इकडे. बारावी फिजिक्सचे 30 मार्क प्रॅक्टिकलचे असतात, त्यासाठी शेवटी काही दिवस गेलो, जर्नल विकत मिळतं. व्हर्नियर (बारीक लांबी मोजायचं साधन) मी पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी धरला, पण व्हर्नियरवरच्या एमसीक्यू झोपेत सोडवतो.

2024 च्या नीटमधे फिजिक्सचा एक प्रश्न आला होता, तो तुमच्या विषयाला धरून आहे. दोन विधानं. पहिलं, अणूत धन आणि ऋण प्रभार सारखे असतात म्हणून तो उदासीन असतो. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वर्णपट देतात. आता रेडियमचा अणू कुठे स्थिर असतो? म्हणजे दुसरं चूक. पण जुन्या एनसीईआरटीच्या पुस्तकात जवळजवळ असंच वाक्य छापलेलं होतं. लाखो पोरांनी पुस्तकावर भरवसा ठेवून दुसरं पण बरोबर धरलं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही उत्तरांना मार्क दिले. मग केस सुप्रीम कोर्टात गेली, कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी सांगितलं एकच उत्तर बरोबर. चार लाखाच्या वर पोरांचे प्रत्येकी 5 मार्क गेले. पहिल्या 67 टॉपरपैकी 44 जण त्या एका प्रश्नाच्या मार्कांमुळे 720 ला होते. शेवटी टॉपर उरले 17.

आमच्या बॅचमधे सगळे ओरडून राहिले होते की एनसीईआरटीत आहे म्हणजे बरोबरच आहे. मी पण. रेडिओॲक्टिव्हिटीचा धडा त्याच पुस्तकात पुढे आहे, तो पण पाठ होता. दोन्ही धडे पाठ होते आणि एकमेकांशी भांडतात हे कोणाच्या लक्षात नाही आलं. क्लासमधे शिकवतातच तसं, एनसीईआरटीची लाइन म्हणजे लाइन.

तापमापक_काका

ड्रॉपर बाळा, फार मोलाचं लिहिलंस. अभ्यास चालू ठेव आणि व्हर्नियर एकदा माझ्या घरी येऊन धर.

पुणेकर_पाहुणा

नागपूरकर भडकणार नसतील तर एक विचारतो. विश्वास नाही विश्वास नाही म्हणताय, पण जानेवारी 2025 ला नेचर ह्युमन बिहेवियरमधे 68 देशांचा मोठा सर्व्हे आला, जवळपास 72 हजार लोक. शास्त्रज्ञांवर विश्वास किती, पाचपैकी. जगाची सरासरी 3.62 आणि भारत इजिप्तच्या खालोखाल अगदी वरती. मग तुमची तक्रार नेमकी काय आहे?

खामल्याची_ताई

पाहुणे, हाच तर घोळ आहे. विश्वास आहे हो, पण कसला? इस्रोचं यान उतरलं की टाळ्या वाजवतो, शास्त्रज्ञ म्हणजे मोठा माणूस, आपल्याला काय कळतं त्यातलं. नमस्कार करून मोकळे. असा विश्वास एका स्क्रीनशॉटने तुटतो आणि मग त्याच माणसाला दुसरा कोणीही लाल टिळा लावून 'सायंटिफिक रीझन' सांगतो तर त्यालाही तितकाच नमस्कार. माझ्या सासूबाई (माझं भांडण नाही त्यांच्याशी, गोड आहेत) शास्त्रज्ञांना फार मानतात, आणि फ्रिजवर जे मॅग्नेट थेरपीचं पत्रक लावलंय त्यावर पांढरा कोट घातलेला माणूस आहे म्हणून तेही मानतात.

2023 च्या जानेवारीत आपल्या गावात काय झालं आठवा. विद्यापीठात इंडियन सायन्स काँग्रेस भरली, 3 ते 7 जानेवारी, देशभरातले शास्त्रज्ञ. त्याच आठवड्यात रेशीमबागेत बागेश्वरवाल्या महाराजांची कथा आणि दरबार, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले श्याम मानव यांचं 30 लाखांचं आव्हान. पेपरात महिनाभर चर्चा कशाची झाली? सायन्स काँग्रेसमधे कोण काय बोललं हे मला आजतागायत माहीत नाही आणि मी शहरातच होते.

तापमापक_काका

पाहुण्यांना एवढंच की तो सर्व्हे ऑनलाइन घेतलेला होता. आपल्या देशात असा ऑनलाइन फॉर्म भरणारा माणूस कोण असतो ते डोळ्यासमोर आणा. आकडा खोटा म्हणत नाही. पेटी कुठे ठेवली होती ते विचारतो.

रोखठोक_धरमपेठ

बागेश्वर काढू नका ताई, धाग्याला आग लागेल. त्यापेक्षा नवतपा घ्या. आमची आजी सांगायची 25 मे ला सूर्य रोहिणीत जातो, 2 जूनपर्यंत नऊ दिवस तापतं. दरवर्षी तापतं. हे तुमच्या शाळेत शिकवत नाहीत, हवामान खात्याच्याही आधीपासून आहे. याला विज्ञान म्हणायचं की नाही?

मास्तरीणबाई

रोखठोक, हा प्रश्न मी वर्गात घेते! 26 मे च्या सुमारास नागपुरात शून्य सावली दिवस असतो, दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर. उभी बाटली ठेवली तर सावली बुडाखालीच जाते. पण सुट्टीत येतो ना, विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून मी पोरांना घरी करायला सांगते आणि फोटो मागवते. तर नवतपा आणि डोक्यावरचा सूर्य एकाच वेळी येतात, आजीचं निरीक्षण पक्कं होतं.

आता पुढचं. सूर्य परत 17 जुलैच्या आसपास डोक्यावर येतोच की. तेव्हा का नाही तापत? पोरं लगेच म्हणतात मॅडम ढग. बरोबर. म्हणजे नुसता सूर्य पुरत नाही, कोरडी जमीन आणि मोकळं आभाळ पण लागतं. मग काकांनी दिलेला आकडा घ्या, विक्रमाचं 47.9 हे 23 मे चं. नवतपा लागायच्या दोन दिवस आधी. मग नियम मोडला का? इथे वर्गात जे भांडण होतं ना, मला वर्षभरात तेवढाच तास खरा विज्ञानाचा वाटतो. पुस्तकात कुठेच नाही तो.

तापमापक_काका

त्यात अजून एक टाका बाई. नक्षत्राची तारीख सरकत असते, साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे. ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण जाण्यावर चालतात, ताऱ्यांवर नाही. म्हणजे हजार दोन हजार वर्षांनी रोहिणी लागेल तेव्हा नागपुरात पाऊस पडत असेल. आजींच्या आजींच्या वेळी ते थोडं अलीकडे होतं.

रोखठोक_धरमपेठ

हे पटलं. म्हणजे आजी बरोबर, पण कारण वेगळं. ठीक आहे. हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर कॉमर्सला गेलो नसतो.

काटोलवाला

रामराम. मी संत्रेवाला, काटोल साईडचा. तुम्ही शहरातले लोक विश्वास विश्वास करून राहिले, आमचा तं रोजचा जुगार आहे. मृग बहाराले (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याले) झाडाले ताण द्यायचा, पाणी तोडायचं, आन पाऊस कधी येते त्यावर सगळं. मोबाइलवर 60 टक्के पाऊस दाखवते. गावातले म्हणतात आला नाही, खोटं निघालं. मी वहीत लिहून ठेवतो, साधी शाळेची वही. ज्या दिवशी 60 टक्के म्हटलं त्या दिवशी आला का नाही, खूण. हंगाम संपला की मोजतो. दहातून सहाच्या जवळपास येते तं अंदाज बरोबर आहे ना भौ, एखाद्या दिवशी नाई आला म्हणून खोटा कसा. मी बारावी नापास हाव. पण फवारणीचे पैसे वाचले माझे.

गिट्टीखदानचा_पोट्टा

काटोलवाले काका 🫡🫡 पुरा धागा एकीकडे आन वही एकीकडे

खामल्याची_ताई

आता मला असं सुचतंय, शाळा उघडायला अजून वेळ आहे. आमच्या गच्चीवर पोरांकडून ती पांढरी पेटी करून घेतली तर? एक थर्मामीटर आत, एक उन्हात, एक पार्किंगच्या डांबरावर. रोज दुपारी लिहायचं आणि खात्याच्या आकड्याशी ताडायचं. रामन सायन्स सेंटरला दरवर्षी नेतो पोरांना, बटणं दाबतात, डायनासोर बघतात आणि येतात. घरी काहीतरी करावं. काका, पेटी पुठ्ठ्याची चालेल का? आणि मी मेडिकलच्या दुकानासमोरून दोन थर्मामीटर आणले, शेजारी शेजारी ठेवले तर दोघांत दीड डिग्रीचा फरक आहे. आता कोणता खरा 😅

काटोलवाला

पुठ्ठा नका वापरू, पहिल्याच पावसात लगदा होते. संत्र्याच्या पेटीच्या फळ्या देतो, फुकट. कळमन्यात गाडी येते माही, सांगा कधी.

तापमापक_काका

फळ्या उत्तम. झडपा तिरप्या बसवा, हवा गेली पाहिजे, ऊन नाही, आणि आतून बाहेरून पांढरा रंग द्या. थर्मामीटरचं सोपं आहे. बर्फ बारीक फोडा, ग्लासात ठासून भरा, थोडंसं गार पाणी घाला, दोन्ही थर्मामीटर त्यात बुडवा आणि ढवळत दहा मिनिटं थांबा. जो जितका शून्याच्या वर किंवा खाली दाखवेल तितकी त्याची चूक, ती कागदावर लिहून त्याच्याच पाठीला चिकटवा आणि रोजच्या रीडिंगमधून तेवढी वजा करा. थर्मामीटर फेकू नका, चूक माहीत असलेला थर्मामीटर कामाचा असतो. पण आधी बघून घ्या, त्याचे आकडे शून्यापासून सुरू होतात की तापाचा उचलून आणलाय 35 पासूनवाला. मेडिकलच्या दुकानासमोरून म्हणालात म्हणून विचारतो.

खामल्याची_ताई

एक तापाचाच निघाला 🤦‍♀️ उद्या बर्डीवर जाते. पेटीसाठी रविवारी सकाळी सातला गच्चीवर, ज्यांना यायचं त्यांनी मला मेसेज करा. ड्रॉपर, तू पण ये रे, तासभर सुट्टी घे.